आपल्या व्यवसायातले ज्ञान शेअर निवडताना किती उपयोगी पडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि परिसरातील वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत वेकोलिचे (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचे) अभियंते, धंतोली-रामदासपेठेतील डॉक्टर, गांधीबागेतील कापडाचे व्यापारी, बुटीबोरी-हिंगण्याचे कारखानदार आणि मिहानमधील सॉफ्टवेअर कर्मचारी आहेत. प्रत्येकाला आपापल्या क्षेत्राची जाण आहे आणि ती बाजारात कामी यावी अशी त्यांची रास्त अपेक्षा आहे. उत्तरांमध्ये आलेली कंपन्यांची नावे केवळ उदाहरणादाखल आहेत. ती खरेदी-विक्रीची शिफारस समजू नये.

१. मी एकाच क्षेत्रात वीस वर्षे काढली आहेत. त्या क्षेत्रातले शेअर मी इतरांपेक्षा चांगले निवडू शकणार नाही का?

बहुतेक वेळा नाही, आणि याचे कारण आपले ज्ञान अपुरे असते हे नाही. कंपनी चांगली आहे की वाईट, हे ओळखणे एक काम आहे आणि आजच्या भावाला तिचा शेअर स्वस्त आहे की महाग, हे ठरवणे दुसरे. आपल्या अनुभवातून पहिले काम साधते. दुसऱ्या कामासाठी बाकीच्या खरेदीदारांनी काय गृहीत धरले आहे हे माहीत असावे लागते, आणि त्या खरेदीदारांत त्याच क्षेत्रातून निवृत्त झालेले सल्लागार दिमतीला ठेवणारे फंडही असतात.

एखाद्या माहितीतून पैसा व्हायचा असेल, तर ती तीन अटींवर उतरावी लागते. तिचा कंपनीच्या नफ्यावर ठळक परिणाम व्हायला हवा, ती भावात अजून उतरलेली नसावी आणि ती वापरण्यास कायद्याची आडकाठी नसावी. व्यावसायिकांची माहिती पहिली अट अनेकदा पूर्ण करते, पण दुसऱ्या अटीवर अडते. जी दुसरीही ओलांडते, ती बऱ्याचदा तिसरीवर सापडते (प्रश्न ९ पाहा).

२. याचा कोणी रीतसर अभ्यास केला आहे का, की हे नुसते मत आहे?

अभ्यास झालेले आहेत. या प्रश्नाला थेट हात घालणारा अभ्यास नॉर्वेतील गुंतवणूकदारांवर आहे. डॉस्कलॅन्ड आणि ह्विडे या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या या कामात व्यक्तींच्या नोकरीचे क्षेत्र आणि त्यांच्याकडील शेअर यांची सांगड घातली होती. लोक आपल्या व्यवसायाशी जवळीक असलेले शेअर प्रमाणाबाहेर घेतात आणि त्या शेअरांवर त्यांना जोखमीच्या मानाने कमी परतावा मिळतो, असे त्यांना आढळले. फायदा शून्य निघाला असता तरी समजण्यासारखे होते. येथे तोटा निघाला. अतिविश्वास हे त्याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण वाटते.

उलट बाजूचा पुरावाही सांगायला हवा. इव्कोविच आणि वाइसबेनर यांनी २००५ साली अमेरिकेतील एका ब्रोकरच्या ग्राहकांचे व्यवहार तपासले, तेव्हा घराजवळच्या कंपन्यांतील गुंतवणुकीने दूरच्या गुंतवणुकीपेक्षा वर्षाला सुमारे ३.२ टक्के अधिक दिल्याचे दिसले. पुढे २०१० मध्ये सीशोल्स आणि झू यांनी वेगळ्या पद्धतीने हिशोब मांडला, तेव्हा असा फायदा सापडला नाही. त्यामुळे ‘जवळची कंपनी, जास्त नफा’ हे सिद्ध झालेले सूत्र मानता येत नाही.

खरेदी-विक्री किती वेळा होते, याचाही येथे संबंध आहे, कारण जाणकार माणसाला रोज काहीतरी नवीन कळते आणि तो रोज काहीतरी करू पाहतो. बार्बर आणि ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातील ६६,४६५ अमेरिकी कुटुंबांची खाती अभ्यासली. सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, तर त्याच काळात बाजाराने १७.९ टक्के दिले होते.

३. मॉइल या मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीच्या मनसर, कांद्रीच्या खाणी आमच्या डोळ्यांसमोर आहेत. तिथले वारे आम्हाला मुंबईच्या विश्लेषकाआधी कळते. याचा उपयोग का होऊ नये?

कारण त्या शेअरचा भाव मनसरपेक्षा बऱ्याच लांबच्या घटनांवर हलतो. मार्च २०२४ मध्ये मेगन नावाच्या चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील ग्रूट आयलंड्ट या बेटावरील जहाजांच्या धक्क्याचे नुकसान केले. जगातील सर्वांत मोठ्या मँगनीज खाणींपैकी एक तेथे आहे आणि धक्काच निकामी झाल्यामुळे तिची निर्यात थांबली. पुढील काही आठवड्यांत जगभर मँगनीज खनिजाचे भाव चढले आणि मॉइलचा शेअरही उसळला. वर्षाच्या उत्तरार्धात खनिजाचे भाव उतरले, तसा शेअरही खाली आला. या सगळ्या काळात कांद्रीच्या खाणीत किती पाळ्या चालल्या, हे अचूक माहीत असलेल्या माणसाला त्या माहितीचा जवळपास काहीही उपयोग नव्हता.

या घटनेचा अंदाज सर्वांत आधी कोणाला यावा? फेरोमँगनीज किंवा सिलिकोमँगनीज बनवणाऱ्या कारखान्यातील खरेदी अधिकाऱ्याला, कारण आयात खनिजाचे दर रोज त्याच्या टेबलावर येतात. म्हणजे व्यवसायाचे ज्ञान उपयोगी पडू शकते, पण ते भाव ठरवणाऱ्या घटकाचे असावे लागते. शिवाय मॉइल आपल्या खनिजाचे दर बदलते तेव्हा ते शेअर बाजारांना कळवते, त्यामुळे ती बातमी मॉइल भवनाजवळ राहणाऱ्याला आणि कोचीतल्या गुंतवणूकदाराला एकाच वेळी मिळते.

४. मी वेकोलित अभियंता आहे. कोळशाचे उत्पादन वाढणार हे मला दिसते. कोल इंडियाचा शेअर घ्यावा का?

घ्यावा की नाही, हे येथे सांगता येणार नाही. ‘उत्पादन वाढणार, म्हणून भाव वाढणार’ हा तर्क मात्र तपासता येतो.

कोल इंडियाचा शेअर ऑक्टोबर २०१० मध्ये २४५ रुपयांना विक्रीस आला. २०१०-११ मध्ये कंपनीचे उत्पादन सुमारे ४३१ दशलक्ष टन होते, ते २०१९-२० मध्ये सुमारे ६०२ दशलक्ष टनांवर गेले. उत्पादनाचा अंदाज बांधणारा अभियंता शंभर टक्के बरोबर ठरला असता. ऑक्टोबर २०२० अखेर शेअरचा भाव मात्र १२० रुपयांच्याही खाली होता. मधल्या काळात भरघोस लाभांश मिळाला हे खरे, पण भावाचे काय झाले ते उत्पादनाच्या आकड्यांवरून सांगता आले नसते. वीजकेंद्रांना करारानुसार द्यायच्या कोळशाचे दर, वेतनकरार, जानेवारी २०१५ मधील १० टक्क्यांच्या भागविक्रीसारखे सरकारी निर्णय आणि कोळशाला भविष्य नाही ही जगभर पसरलेली समजूत, अशा गोष्टींचे वजन अधिक पडले. २०२४ मध्ये तोच भाव ५०० रुपयांच्या वर गेला, तेव्हा घाईने विकून मोकळे झालेल्यांत कोळसा जाणणारे लोकही होते.

आणखी एक मुद्दा प्रमाणाचा आहे. वेकोलिचा स्वतंत्र शेअर बाजारात नाही. ती कोल इंडियाची उपकंपनी आहे. २०२३-२४ मध्ये कोल इंडियाच्या सुमारे ७७४ दशलक्ष टन उत्पादनात वेकोलिचा वाटा ६९ दशलक्ष टनांच्या आसपास, म्हणजे साधारण अकरावा हिस्सा होता. उमरेडच्या खाणीतील ओव्हरबर्डन (कोळशावरचा माती-दगडाचा थर) किती हटले, हे आपल्याला तोंडपाठ असले, तरी सिंगरौली, तालचेर आणि कोरबा येथे काय चालले आहे याबाबत आपण इतर कोणत्याही वाचकाइतकेच अनभिज्ञ असता.

५. डॉक्टरांना तरी औषध कंपन्यांची पारख असेलच ना?

औषधांची असते. कोणत्या कंपनीचे औषध रुग्णाला लागू पडते आणि कोणत्या कंपनीचा प्रतिनिधी दर आठवड्याला येऊन बसतो, हे डॉक्टरांइतके कोणाला कळणार? पण अनेक मोठ्या भारतीय औषध कंपन्यांच्या नफ्याचा महत्त्वाचा भाग अमेरिकेतील विक्रीतून येतो आणि तेथील दोर अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या हातात असतात. सन फार्मा ही देशातील सर्वांत मोठी औषध कंपनी. तिचा शेअर एप्रिल २०१५ मध्ये १,२०० रुपयांच्या आसपास होता. त्याच वर्षी डिसेंबरात तिच्या हलोल येथील कारखान्याला अमेरिकेकडून ताकीदपत्र आले, त्यानंतर अमेरिकेत जेनेरिक औषधांचे दरही घसरत गेले आणि मार्च २०२० मध्ये शेअर ४०० रुपयांच्या खाली आला. या पाच वर्षांत धंतोलीतील दवाखान्यांमध्ये त्या कंपनीची औषधे पूर्वीसारखीच लिहिली जात होती.

६. सोलर इंडस्ट्रीज नागपूरचीच. आम्ही रोज अमरावती रोडने जात होतो, तरी शेअर घेतला नाही. स्थानिक माणसाने हे ओळखायला हवे होते, नाही का?

ही खंत व्यक्त करणारी पत्रे सर्वाधिक येतात. ही कंपनी २००६ साली बाजारात आली, तेव्हा ती मुख्यत्वे खाणींसाठी औद्योगिक स्फोटके बनवत होती. पुढे संरक्षण उत्पादनांत तिने घेतलेली झेप आणि शेअरने दिलेला परतावा आता सर्वांना माहीत आहे. पण २००६ मध्ये रस्त्यावरून जाताना जे दिसत होते, त्यात कुंपण आणि मालमोटारींखेरीज काय होते? त्याच सुमारास विदर्भातल्या इतरही कंपन्या बाजारात होत्या आणि त्यांच्याही दारांवरून लोक रोज जात होते. त्या गुंतवणुकींबद्दल कोणी हळहळ कळवत नाही.

विजेते शेअर संख्येने फार थोडे असतात. बेसेम्बाइंडर यांनी अमेरिकेतील १९२६ ते २०१६ या नव्वद वर्षांच्या आकडेवारीवरून दाखवले की, सरकारी रोख्यांच्या वर जी काही संपत्ती शेअर बाजाराने निर्माण केली, ती सगळी सुमारे ४ टक्के कंपन्यांच्या खात्यावर पडते. एका शहरातील किंवा एका क्षेत्रातील मोजक्या कंपन्यांपुरती निवड मर्यादित ठेवली, तर त्या थोड्यांपैकी एखादी आपल्या हाती लागण्याची शक्यता कमीच होते.

७. मग व्यवसायातल्या ज्ञानाचा काहीच उपयोग नाही?

आहे, आणि आमच्या मते तो चांगला शेअर शोधण्यापेक्षा वाईट शेअर टाळण्यात कितीतरी अधिक आहे. त्या क्षेत्रातील माणसाला खोटे लवकर ओळखू येते.

समजा, कापडाच्या एका सूचीबद्ध कंपनीची विक्री वर्षभरात ४०० कोटींवरून ५२० कोटी रुपयांवर गेली. वृत्तपत्रात ‘विक्रीत ३० टक्के वाढ’ असा मथळा येतो. गांधीबागेतला व्यापारी वार्षिक अहवाल उघडतो आणि ताळेबंदात ग्राहकांकडील येणे पाहतो, तर ते १०० कोटींवरून २३० कोटींवर गेलेले असते. म्हणजे पूर्वी सुमारे ९१ दिवसांची उधारी होती, ती आता १६१ दिवसांची झाली. आपल्या बाजारात या प्रकारच्या मालाला किती दिवसांची उधारी चालते, हे त्याला माहीत असल्यामुळे पुढचा प्रश्न त्याला आपोआप सुचतो: मार्चअखेर माल विकला गेला, की विक्रेत्यांच्या गोदामात नुसता ढकलला गेला? २०२१-२२ पासून कंपन्यांना येणे रकमेचे वय ताळेबंदाच्या टिपांमध्ये द्यावे लागते, सहा महिन्यांच्या आतले किती आणि तीन वर्षांहून जुने किती, अशा रकान्यांत. तो तक्ता आणि बाजारातला अनुभव शेजारी ठेवला की, अनेक कंपन्या दहा मिनिटांत यादीतून बाद होतात.

असाच उपयोग कारखानदाराला यंत्रसामग्रीवरच्या खर्चाचे आकडे पाहताना होतो. एवढ्या क्षमतेचा प्लांट एवढ्या रकमेत उभा राहतो का, हे त्याला कळते. केवळ आकडे वाचणाऱ्याला कळत नाही. दुसरा उपयोग धीराचा. मंदीची चक्रे ज्याने आतून पाहिली आहेत, तो एका वाईट तिमाहीने घाबरत नाही. मात्र हाच धीर कधी कधी बुडत्या कंपनीला चिकटून राहण्याचे निमित्त होतो, म्हणून प्रश्न १३ मधील नोंदीची पद्धत येथेही लागू आहे.

८. चार्टर्ड अकाउंटंटना हिशोब कळतात. त्यांची बाजू वरचढ नसते का?

हिशोब वाचता येणे आवश्यक आहे, पण हिशोबच खोटे असतील तर ते कौशल्य तोकडे पडते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली, तोपर्यंत लेखापरीक्षक, बँका आणि मोठे फंड या सर्वांनी तेच आकडे स्वीकारले होते.

९. कार्यालयात काम करताना कंपनीची एखादी बातमी आधी कळली, तर त्यावर शेअर घेणे हा गुन्हा आहे का?

ती बातमी प्रसिद्ध झालेली नसेल आणि भावावर परिणाम करण्याजोगी असेल, तर होय. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवरचे व्यवहार) प्रतिबंधक नियम केवळ संचालकांपुरते नाहीत. अशी माहिती ज्याच्याकडे आहे, तो या नियमांच्या दृष्टीने ‘इनसायडर’ ठरतो, मग तो लेखा विभागातला कारकून असो, बाहेरचा सल्लागार असो, किंवा ज्याला मित्राने चहा पिताना ती सांगितली तो असो. माहिती पुरवणे हाही स्वतंत्र भंग आहे. सेबी कायद्याच्या कलम १५-जी नुसार दंड किमान १० लाख रुपयांपासून २५ कोटी रुपये किंवा झालेल्या नफ्याच्या तिप्पट, यांतील जी रक्कम अधिक असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. फौजदारी कारवाईत कारावासाचीही तरतूद आहे.

सूचीबद्ध कंपनीने ज्या कर्मचाऱ्यांना ‘नियुक्त व्यक्ती’ ठरवले आहे, त्यांना तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत आपल्या कंपनीच्या शेअरमध्ये व्यवहार करता येत नाही, आणि व्यवहार केल्यावर सहा महिन्यांच्या आत उलट व्यवहार करता येत नाही. आपले नाव त्या यादीत आहे का, हे कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला विचारावे. नाव नसले, तरी अप्रकाशित माहितीवरची बंदी कायम राहते.

१०. आणि कारखान्याच्या गेटवर मालमोटारी मोजल्या तर?

सार्वजनिक रस्त्यावरून कोणालाही दिसणाऱ्या गोष्टींची नोंद करून आपला निष्कर्ष काढणे, हे सर्वसाधारणपणे अभ्यासातच मोडते. सीमारेषा ओलांडली जाते ती गेटवरच्या माणसाकडून पाठवणीचे रजिस्टर पाहायला मिळाले की. पुरवठादार आणि कंत्राटदार यांनी अधिक जपावे, कारण कराराच्या संबंधातून अशी माहिती हाती येत असेल तर नियमांनुसार ते कंपनीशी ‘संबंधित व्यक्ती’ गणले जाऊ शकतात. शंका असल्यास व्यवहार करू नये. अशा व्यवहारातला संभाव्य लाभ त्या कटकटीच्या मोलाचा क्वचितच असतो.

११. आमची कंपनी ईसॉपमधून शेअर देते. ते ठेवावेत की विकावेत? कंपनी तर आम्हाला आतून माहीत आहे.

कंपनी आतून माहीत असणे हे शेअर ठेवण्याचे कारण म्हणून पुरेसे नाही. पगार, बढती आणि घराच्या कर्जाचे हप्ते आधीच त्या कंपनीवर अवलंबून आहेत. बचतही तिच्यातच राहिली, तर एकाच धक्क्याने सर्व जाते. एन्रॉनच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतील जवळपास ६० टक्के रक्कम एन्रॉनच्याच शेअरमध्ये होती आणि डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ते लोक कंपनीला परके नव्हते. विकताना प्रश्न ९ मधील बंधने पाळावीत.

१२. माझे कळमना बाजारात नाव आहे, शेतमालाच्या भावांची नस मला कळते. मग फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये हात घालू का?

मालाच्या साठ्याचे भाव सुरक्षित करण्यासाठी केलेला वायदा वेगळा आणि शेअर निर्देशांकावरील ऑप्शन्स वेगळे. दुसऱ्यात शेतमालाच्या ज्ञानाचा काही संबंध येत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत इक्विटी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

१३. मला खरोखर काही कळते की नुसते नशीब आहे, हे कसे ओळखावे?

खरेदीच्या दिवशीच वहीत तीन ओळी लिहाव्यात: मला काय माहीत आहे, ते भावात आलेले नाही असे मला का वाटते आणि काय घडले तर माझी चूक झाली असे मी मानेन. तिसरी ओळ लिहिणे बहुतेकांना जड जाते. वर्षअखेरीस आपला परतावा लाभांशासह निफ्टी ५०० च्या लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाशी ताडून पाहावा, आणि तोही खर्च व कर वजा करून. डिलिव्हरी व्यवहारात, म्हणजे शेअर प्रत्यक्ष खात्यात घेतले-दिले जातात तेव्हा, दोन्ही बाजूंना ०.१ टक्का एसटीटी हा व्यवहार कर लागतो, आणि जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के, तर त्यानंतर विकलेल्या शेअरच्या १.२५ लाख रुपयांवरील नफ्यावर १२.५ टक्के कर आहे.

एवढे करूनही निकाल लवकर लागत नाही. आपले शेअर निर्देशांकापेक्षा वर्षाला सरासरी ३ टक्के पुढे आहेत, आणि हा फरक दरवर्षी साधारण १५ टक्क्यांनी वरखाली होतो असे धरले, तर तो निव्वळ योगायोग नाही हे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीने ठरायला सुमारे शंभर वर्षे लागतात. म्हणून दोन चांगल्या वर्षांच्या जोरावर नोकरी सोडण्याचा विचार कळवणाऱ्या तरुण वाचकांना आम्ही हाच हिशोब पाठवतो. स्वतः शेअर निवडण्याची हौस असेल, तर एकूण बचतीचा लहान भाग त्यासाठी वेगळा काढून उरलेली रक्कम इंडेक्स फंडात (निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात) ठेवणे, ही आम्हाला पटलेली व्यवस्था आहे.

१४. लहान कंपन्यांकडे मोठे फंड फिरकतही नाहीत. तिथे तरी जाणकाराला वाव असेल?

प्रश्न १ मधील दुसरी अट पूर्ण होण्याची शक्यता सर्वांत जास्त येथेच आहे, हे मान्य करायला हवे. ज्या कंपनीवर एकही विश्लेषक अहवाल लिहीत नाही, तिच्याबाबत त्या धंद्यातील माणूस बाजाराच्या पुढे असू शकतो. पण अडचणीही येथेच एकवटलेल्या असतात. बीएसई आणि एनएसईच्या एसएमई (लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या) मंचांवरील कंपन्या निकाल तिमाहीऐवजी सहामाही देतात, त्यामुळे आपला अंदाज चुकतो आहे हे उशिरा कळते. व्यवहार ठरावीक लॉटमध्येच करावे लागतात आणि अनेक शेअरमध्ये दिवसाकाठी मोजकेच सौदे होतात. वाईट बातमीच्या दिवशी शेअर लोअर सर्किटला, म्हणजे एका दिवसातल्या घसरणीच्या कमाल मर्यादेला, लागला की घेणारा कोणी उरत नाही, आणि आपण कितीही बरोबर असलो तरी पडद्यावर केवळ विकणाऱ्यांची रांग दिसते. म्हणून अशा कंपनीत किती रक्कम घालावी हे ठरवण्यापूर्वी तिच्या गेल्या सहा महिन्यांच्या रोजच्या उलाढालीचे आकडे एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावेत, आणि आपल्याजवळचे सर्व शेअर विकायला त्या गतीने किती दिवस लागतील, याचे उत्तर काढावे.